एक पाइंट चवळी, एक पाइंट तांदूळ

साल १८४७. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातलं चार्ल्स्टन शहर. तुम्ही एका श्रीमंत घराच्या मागच्या अंगणात उभे आहात. पुढच्या दिवाणखान्यात जाऊ नका, आपलं काम इकडं आहे. स्वयंपाकघर मूळ घरापासून वेगळं बांधलेलं आहे, विटांचं, दुमजली. आग लागलीच तर घर वाचावं आणि उन्हाळ्यात चुलीची धग मालकांना लागू नये, म्हणून. खाली चूल, वरच्या मजल्यावर स्वयंपाक करणाऱ्यांची झोपायची जागा. ही माणसं गुलाम आहेत. मालक वारला की त्याच्या मालमत्तेची यादी होते. त्या यादीत खुर्च्या, कढया, घोडे आणि ही माणसं एकाखाली एक लिहिली जातात, प्रत्येकापुढं किंमत.

आत या. चुलीचं तोंड इतकं मोठं आहे की वाकून आत शिरता येईल. भिंतीत बसवलेली लोखंडी दांडी आत-बाहेर फिरते आणि तिच्या आकड्याला बिडाचं काळं भांडं टांगलेलं आहे. भांड्यात चवळी रटरटते आहे. बारीक आणि तांबूस, आपल्याकडे लाल चवळी म्हणून मिळते तशी. काळ्या ठिपक्याची पांढरी चवळी आणि ही लाल, दोन्ही एकाच पिकाचे वाण.

चुलीपुढची बाई एक दाणा बाहेर काढून चिमटीत दाबते. साल अजून घट्ट आहे, आतला गर दबू लागलाय. म्हणजे अर्ध्यावर आली. आता ती खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा भांड्यात सोडते. चवळी पुरती शिजली, पण फुटली नाही, अशा वेळी ती निवडून धुतलेले तांदूळ त्यात घालते. त्याच पाण्यात. चवळीचा कट ती ओतून देत नाही, आणि हाच या पदार्थाचा प्राण आहे. अर्ध्या तासानं भांडं जाळावरून उतरवून ती निखाऱ्यांवर ठेवते आणि वाफ धरू देते. तिच्याजवळ घड्याळ नाही. झाकणाखालून येणारा आवाज बदलतो तो ती ऐकते. पाण्याचा आवाज थांबला की भात झाला.

याच वर्षी या शहरात 'द कॅरोलायना हाउसवाइफ' नावाचं पाककृतींचं पुस्तक निघालं. लेखिकेनं मुखपृष्ठावर स्वतःचं नाव न देता चार्ल्स्टनची एक स्त्री एवढंच म्हटलं होतं. त्या होत्या सारा रटलेज, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांची मुलगी. त्यात 'हॉपिंग जॉन' नावाची कृती आहे: एक पाउंड बेकन, एक पाइंट लाल चवळी, एक पाइंट तांदूळ, सुरुवातीला एक क्वार्ट पाणी, मीठ, मिरी, आवडत असेल तर पुदिन्याची एक काडी. वाढताना भात आणि चवळी खाली, बेकन वर. तुम्ही आत्ता चुलीपुढं जे पाहिलंत ते जवळपास शब्दशः तिथं आहे. छापील अमेरिकी पुस्तकांत ही कृती नावानिशी पहिल्यांदा आली ती इथंच, असं मानलं जातं. सारा रटलेज यांनी ती नीट, प्रामाणिकपणे उतरवून घेतली, त्याबद्दल मला त्यांचं ऋण वाटतं. पण तांदूळ कधी घालायचे हे ज्या बोटांना कळत होतं, त्या बोटांचं नाव पुस्तकात कुठंच नाही.

बाहेर पडताना फाटकापाशी जाणाऱ्या माणसाकडे पाहा. त्याच्या अंगावर तांब्याचा छोटा बिल्ला आहे. चार्ल्स्टनमध्ये गुलाम दुसऱ्याकडे भाड्यानं कामाला द्यायचा तर मालकाला नगरपालिकेकडून असा बिल्ला घ्यावा लागतो. त्यावर शहराचं नाव, एक क्रमांक, कामाचा प्रकार आणि साल. दरवर्षी नवा बिल्ला. माणसाचं नाव त्यावरही नाही.

आता मागे चला, सुमारे शंभर वर्षं. चार्ल्स्टनजवळचा खाडीकाठ. दलदल, डास, भाताची खाचरं. इथला भात युरोपात जातो आणि मळेवाल्यांना गडगंज करतो. तो पिकवतात पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं, आणि त्यांतल्या कित्येकांच्या मायभूमीत भातशेती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. एका बाजूला दोन बायका लाकडी उखळात मुसळानं भात कांडताहेत. तिसरी गवताच्या पसरट टोपलीतून पाखडते आहे. त्या टोपलीची वीण सेनेगल ते अंगोलाच्या किनाऱ्यांवरची आहे आणि तशा टोपल्या आजही चार्ल्स्टनच्या बाजारात विकायला असतात. अख्खा तांदूळ पिंपात भरून बंदराला जातो. कण्या मागे राहतात, त्या कांडणाऱ्यांच्या वाट्याच्या.

इथं कामाची रीत ठरलेली आहे. एका माणसाला दिवसाचं नेमून दिलेलं काम, खुरपणीचं असेल तर साधारण पाव एकर. ते उरकलं की उरलेला दिवस त्याचा. दिवस उरला, तर. त्या उरलेल्या उजेडात माणसं झोपड्यांमागच्या तुकड्यात स्वतःसाठी पेरतात. तुम्ही तिथं वाकून पाहिलंत तर परकं वाटणार नाही: भेंडी आहे, ज्वारी आहे, तीळ आहे आणि चवळीचे वेल आहेत. तीळ तर मूळचा आपल्याच उपखंडातला. तो आफ्रिकेत गेला आणि तिथून या माणसांबरोबर इथवर आला.

चवळीच का, हे या तुकड्यात उभं राहिलं की कळतं. जमीन वाळूची, कसदार नाही. खत नाही. देखभालीला वेळ नाही. चवळीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात, त्यामुळे ती हलक्या जमिनीतही येते आणि जमीन आधीपेक्षा बरी करून जाते. पाऊस ओढ देतो तेव्हा तग धरते. दोन-तीन महिन्यांत हाताशी येते. कोवळा पाला खाता येतो, हिरव्या शेंगा खाता येतात, वाळलेले दाणे वर्षभर राहतात. कण्यांमध्ये जे अमिनो आम्ल कमी असतं, ते लायसिन, चवळीत भरपूर असतं. ज्यांच्या ताटात मांस क्वचितच यायचं त्यांना भात आणि चवळी मिळून अंगात ताकद देत होती. कुणी त्यांना ते शिकवलं नव्हतं. ते ज्ञान त्यांनी बरोबर आणलं होतं.

ते कसं आलं, हे बघायला जहाजावर जावंच लागेल. मी तुम्हाला तळात नेत नाही, डेकवरच थांबू. अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागायचे आणि शेकडो माणसांना जिवंत ठेवल्याशिवाय व्यापाऱ्याला नफा नव्हता. म्हणून कप्तान आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धान्य भरून घेत: भात, कोनफळासारखे कंद, चवळी. कित्येक जहाजांवर बायकांना वर डेकवर ठेवत आणि कांडायला-शिजवायला त्यांनाच बसवत. तुमच्यापुढं अशी एक बाई उखळाशी आहे. समुद्र हलतो तसं मुसळ तिरपं पडतं. पोत्यात उरलेलं धान्य पलीकडच्या किनाऱ्यावर उतरलं, आणि त्यातलं काही पेरलं गेलं. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४० टक्के चार्ल्स्टनच्या बंदरातूनच आत आली.

आणखी मागे. आता एकदम लांब उडी, सुमारे साडेतीन हजार वर्षं.

मध्य घानातलं किंटाम्पो. रान आणि गवताळ माळ जिथं भेटतात तिथं खडकाची कपार आहे, पावसापासून आडोसा देणारी. आसपास कुडाच्या घरांची वस्ती. माणसांकडे शेळ्या-मेंढ्या आहेत, मातीची मडकी आहेत, घासायला खाचांचे दगड आहेत. जमिनीवर तेलताडाच्या फळांच्या फुटलेल्या कवट्यांचा खच पडलाय. त्या फळाचं तेल लालभडक, गाजराच्या रंगाचं. मडक्यात चवळी आहे, आणि कुणाच्या तरी हातून काही दाणे विस्तवात सांडतात. ते तिथंच करपून कोळसा होतात.

जे शिजलं आणि खाल्लं गेलं ते संपलं. जे करपलं ते टिकलं, कारण कोळशाला ना भुंगा लागतो ना बुरशी. पुरातत्त्वज्ञांनी हे करपलेले दाणे शोधून त्यांचं थेट कालमापन केलं, आणि आफ्रिकेत मिळालेल्या चवळीच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. भुंग्यावरून आठवलं. चवळीचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि साठवणीतला दाणा आतून पोखरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बायका त्यावर उपाय म्हणून चवळी राखेत मिसळून ठेवत आल्या. आपल्याकडेही कडधान्याला राख लावून मडक्यात भरायची जुनी पद्धत आहे.

इथून एक वाट पूर्वेला फुटते आणि ती आपल्या घरापर्यंत येते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात चवळी भारतात पोहोचली. त्याच सुमारास आफ्रिकेतून ज्वारी आली, बाजरी आली, वाल आले. नाचणीही मूळची तिथलीच. म्हणजे सोलापूरकडच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि चवळीची उसळ असते तेव्हा ताटातलं मुख्य अन्न आफ्रिकेचं असतं. गोव्यात आळसांद्यांचं, म्हणजे तिथल्या चवळीचं, तोणाक होतं, भाजलेल्या खोबऱ्याच्या आणि धण्याच्या वाटणातलं, पावाबरोबर खायचं. तमिळनाडूत कारडैयान नोन्बूला, सावित्रीच्या व्रताला, तांदळाच्या पिठात चवळी घालून अडै उकडतात. केरळात ओणमच्या पानावर कोहळा आणि लाल चवळीचं ओलन असतं. इतक्या सणांत ती शिरली की परकी होती हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पश्चिमेकडे गेलेल्या चवळीला मात्र हे भाग्य नव्हतं. तिच्याबरोबर माणसं साखळदंडात गेली.

तेलताडाचं ते लाल तेल लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर ब्राझीलमधल्या साल्वादोरला चला. साल १८५०च्या आसपास, संध्याकाळ. एक बाई भिजवलेली चवळी पाण्यात चोळते आहे. सालं सुटून वर तरंगतात, ती ओंजळीनं काढून टाकते, पुन्हा पाणी घालते. एकही काळा ठिपका राहता कामा नये. मग दगडावर दगडाचा लांबट गोल वरवंटा फिरवत ती चवळी वाटते. तो सरळ आपला पाटा-वरवंटाच आहे. वाटलेल्या पिठात कांदा घालून ती लाकडी डावानं फेटत राहते, पीठ फुलून हलकं होईपर्यंत. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पीठ पाणी सोडतं. कढईत लाल तेल तापलंय. डावभर पीठ त्यात सोडलं की कडेनं फेस येतो आणि रानमेव्यासारखा गोडसर वास सुटतो. हे आकाराजे. नायजेरियातल्या योरुबा लोकांचा आकारा तो हाच, वारा-वादळाची देवता ओया हिचा नैवेद्य. ब्राझीलमध्ये तिला इयान्सां म्हणतात. किंटाम्पोच्या कपारीत शेजारी शेजारी पडलेल्या दोन गोष्टी, चवळी आणि ताडतेल, समुद्रापार या एका कढईत एकत्र आहेत.

ही बाईसुद्धा गुलाम आहे. डोक्यावर पाटी घेऊन ती आता रस्त्यानं ओरडत विकत जाईल. मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, वरचे पैसे तिचे. असे वरचे पैसे साठवून कित्येक जणींनी स्वतःचं मुक्तिपत्र विकत घेतलं, कुणी मुलांचं घेतलं. साल्वादोरमध्ये गुलामांच्या भिशीसारख्या मंडळ्या होत्या, पैसे एकत्र करून एकेकाला सोडवणाऱ्या. ब्राझीलमध्ये गुलामी कायद्यानं संपली ती १३ मे १८८८ रोजी. त्याआधीच या बायकांनी चवळीच्या वड्यांवर आपली सुटका मिळवली होती, आणि जगातल्या कुठल्याही मेजवानीपेक्षा मला हा पदार्थ थोर वाटतो तो यासाठी. त्यांचा हा धंदा, त्याची वस्त्रं आणि रीतिरिवाजांसह, ब्राझीलनं २००४ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून मान्य केला.

आता परत कॅरोलायनात. तारीख ३१ डिसेंबर, गुलामीतलं कुठलंही साल. झोपड्यांत कुणी झोपलेलं नाही. उद्या १ जानेवारी, आणि दक्षिणेत या दिवशी गुलाम वर्षभरासाठी भाड्यानं दिले जातात, देणी चुकवायला विकलेही जातात. हॅरिएट जेकब्स या स्वतः गुलामीतून निसटलेल्या लेखिकेनं १८६१ मध्ये छापलेल्या आत्मकथनात या दिवसावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. झोपडीच्या जमिनीवर आई मुलांना कुशीत घेऊन बसलेली असते, कारण सकाळी त्यांतलं कुठलं आपल्याजवळ राहील हे तिला माहीत नसतं. नव्या वर्षाच्या चवळी-भाताला अमेरिकेत आज 'शुभ' म्हणतात. ज्या दिवशी तो खातात, तो दिवस आधी कसा होता ते माहीत असल्याशिवाय त्या शब्दाचं वजन कळत नाही.

आणि मग १ जानेवारी १८६३. पोर्ट रॉयल बेटावर, खाडीकाठच्या एका जुन्या मळ्यात, कॅम्प सॅक्स्टन. अमेरिकेच्या यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, उत्तरेच्या आरमारानं हा भाग जिंकला, मळेवाले पळाले आणि हजारो गुलाम मागे राहिले. आज आसपासच्या बेटांवरून आगबोटी भरून माणसं आली आहेत. ओकच्या मोठ्या झाडांखाली गर्दी आहे, फांद्यांवरून शेवाळासारख्या जटा लोंबताहेत. विल्यम ब्रिस्बेन नावाचे डॉक्टर अब्राहम लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा वाचतात. हे ब्रिस्बेन याच भागातले. एके काळी ते गुलामांचे मालक होते आणि त्यांनी आपणहून आपले गुलाम मुक्त केले होते. वाचन होतं, झेंडा पुढं येतो, आणि कार्यक्रमात नसताना गर्दीतून एक म्हातारा, चिरका आवाज देशाचं गाणं म्हणू लागतो. दोन बायकांचे आवाज त्यात मिसळतात, मग सगळ्यांचे. काळ्या सैनिकांच्या पलटणीचा कर्नल टॉमस हिगिन्सन हात करून व्यासपीठावरच्या गोऱ्यांना गप्प करतो. गाणं ज्यांचं झालंय त्यांनाच म्हणू दे. पलटणीचा झेंडा प्रिन्स रिव्हर्स आणि रॉबर्ट सटन यांच्या हाती आहे. इथं माणसांची नावं लिहून ठेवली गेली.

हिगिन्सननं जेवणही नोंदवलंय: अख्खे भाजलेले बैल, आणि पिंपभर पाण्याला तीन गॅलन काकवी, अर्धा पाउंड सुंठ आणि एक क्वार्ट व्हिनेगर घालून केलेलं पेय. चवळीचा उल्लेख त्यात नाही. सैन्याच्या मेजवानीत ती नसेल. पण संध्याकाळी आगबोटींनी परत गेलेल्या माणसांच्या झोपड्यांमागं तिचेच वेल होते. चार्ल्स्टनमधली तुमची स्वयंपाकीण मात्र, हयात असली तर, अजून दोन वर्षं सुटणार नाही. ते शहर १८६५च्या फेब्रुवारीत पडलं.

एक लोकप्रिय गोष्ट तुम्हाला अमेरिकेत हटकून ऐकायला मिळेल. १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेनं जॉर्जिया लुटला, पण चवळीला गुरांचा चारा समजून मागे ठेवलं, ती खाऊन लोक जगले आणि म्हणून चवळी शुभ. मला ही गोष्ट पटत नाही. तिच्यात चवळी नशिबानं सापडते. तिला शंभर वर्षं पेरणारी, राखणारी, शिजवणारी माणसं त्या गोष्टीत कुठंच येत नाहीत.

शेवटचा मुक्काम, साल १९१७, अलाबामातलं टस्कीगी. कापसानं जमीन पिळून निघालेली आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, गुलामीत जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ, इथं १८९६ पासून शिकवताहेत. कर्जात बुडालेल्या काळ्या शेतकऱ्यांना ते सांगतात की शेतात चवळी घ्या, जमीन सावरेल. नुसतं सांगून भागत नाही, पिकलेलं घरात खाल्लंही गेलं पाहिजे. म्हणून त्या वर्षीची त्यांची पुस्तिका दोन्ही सांगते: चवळी कशी पिकवावी, आणि ती रांधण्याचे ४० प्रकार. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठळक छापलेलं आहे.

येत्या १ जानेवारीला हा हॉपिंग जॉन करून बघा. वाटीभर चवळी, मिळाली तर लाल, आदल्या रात्री भिजत घाला. कुकर लावू नका, दाणा फुटतो. जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाणी, चवळी, उभा चिरलेला कांदा, तमालपत्र आणि दोन सुक्या मिरच्या घालून मंद आचेवर ठेवा. बेकन खात असाल तर चवळी अर्धी शिजल्यावर घाला. नसाल तर शेवटी कोळशाची धुरी द्या. तीही मूळ चवीच्या जवळ नेते. दाणा मऊ पण अख्खा असेल तेव्हा मीठ घाला आणि कट मोजा. दोन वाट्या हवा, कमी असेल तर उकळतं पाणी घाला. मग वाटीभर धुतलेला तांदूळ पसरून सोडा, एकदाच हलवा आणि झाकण ठेवा. पाण्याचा आवाज थांबला की पातेल्याखाली तवा सरकवून दहा मिनिटं वाफ धरू द्या. बरोबर लसूण घालून परतलेली पालेभाजी आणि मक्याची भाकरी. कॅरोलायनात भाजीला नोटा म्हणतात, चवळीला नाणी. उरलेला भात २ जानेवारीला गरम करून खातात.